सरकारी अन्नमदत: नियम आवळावेत की योजनाच सुधारावी?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. परवा जेवताना घरात वाद झाला आणि दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतेय. विषय सरकारी अन्नमदतीचा. कुठल्याही देशातली घ्या, कुठे धान्य देतात, कुठे कूपन, कुठे कार्डवर दरमहा पैसे टाकतात. दीर म्हणाले की हे आता आवळायला पाहिजे, धडधाकट माणसाला काम केल्याशिवाय काही द्यायचं नाही, मदतीच्या पैशातून कोल्ड्रिंक नि चिप्स घेऊ द्यायचे नाहीत, आणि दर सहा महिन्यांनी सगळ्यांची कागदपत्रं परत तपासायची म्हणजे बोगस नावं आपोआप गळतील. टॅक्स आपण भरतो तर विचारायचा हक्क आहे ना, असं त्यांचं म्हणणं, आणि खरं सांगते, मला त्यात काही चूक दिसेना.

पण मी गप्प बसले त्याचं कारण वेगळं. मी नऊ-दहा वर्षांची असताना बाबांचं काम सुटलं होतं आणि जवळजवळ वर्षभर आमचं घर अशाच मदतीवर चाललं. रांगेत ओळखीचं कोणी दिसलं की आई तोंड फिरवायची. घरात ह्यावर कधीच कोणी बोललं नाही, नवऱ्यालासुद्धा मी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं. त्यामुळे ह्या विषयावर मला थंड डोक्याने विचारच करता येत नाही.

तर विचारायचं हे की जिथे जिथे अशी बंधनं घातली तिथे नेमकं झालं काय? लोक कामाला लागले का? खाणं सुधारलं का? चोरी थांबली का? मत जरूर द्या, पण सोबत अनुभव किंवा आकडे असतील तर फार बरं होईल.

रानवाट

ताई, कामाच्या अटीपुरतं लिहितो कारण त्यावर बऱ्यापैकी वाचलंय.

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांना कार्डावर दरमहा खाण्याचे पैसे देणारी स्नॅप नावाची योजना आहे, आधी तिला फूड स्टॅम्प म्हणायचे, २००८ मध्ये नाव बदललं. २०२४ मध्ये ४ कोटींहून जास्त लोक तिच्यावर होते. १९९६ च्या कायद्याने तिथे अशी अट आली की मुलंबाळं सांभाळायची नसलेल्या धडधाकट माणसाने आठवड्याला २० तास काम किंवा ट्रेनिंग दाखवलं नाही तर त्याला ३ वर्षांत फक्त ३ महिने मदत मिळणार. आधी ही अट १८ ते ४९ वयाला होती, २०२३ च्या कायद्याने ५४ पर्यंत नेली, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने थेट ६४ पर्यंत, शिवाय सगळ्यात धाकटं मूल १४ किंवा त्यापुढचं असलेल्या आईबापांनाही लावली.

आता परिणाम. मंदीच्या काळात व्हर्जिनिया राज्यात ही अट थांबवली होती, मग ती परत लागू झाली, तेव्हा अभ्यासकांनी अट लागलेल्या नि न लागलेल्या लोकांची तुलना केली. योजनेतले लोक ५३ टक्क्यांनी कमी झाले, म्हणजे निम्म्याहून जास्त बाहेर. आणि नोकऱ्या? रोजगार वाढल्याचं काही दिसलं नाही. सगळ्यात जास्त कोण बाहेर गेलं तर बेघर लोक, ज्यांना पत्रच पोचत नाही, फोन नाही, पगाराची चिठ्ठी जपून ठेवायला कपाट नाही.

लोकांच्या हे लक्षात येत नाही की ज्याला तासावर काम मिळतं त्याचे तास मालक ठरवतो. ह्या आठवड्यात ३० तास, पुढच्या आठवड्यात १२. त्या १२ च्या आठवड्यातच घरात पैसे कमी येतात आणि नेमकी तेव्हाच अट मोडते. म्हणजे मदत जेव्हा हवी तेव्हाच जाते. मला हे सरळ सरळ अन्यायाचं वाटतं.

पहाटगाडी

रानवाट, आकडे मान्य पण मला सगळं पटत नाही. काम करू शकणाऱ्याने काम करावं ह्यात अपमान कसला. मी स्वतः बारावीनंतर रात्रीची नोकरी करून शिकलोय, मला कोणी आयतं दिलं असतं तर बरं वाटलं नसतं. आणि कामाची अट घालून चांगलं झाल्याचं उदाहरण आपल्यासमोर आहे की, महाराष्ट्रातला १९७२ चा दुष्काळ. तेव्हा सरकारने रस्ते, तलाव, बंधारे अशी कामं काढली, १९७३ च्या उन्हाळ्यात तर जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती, आणि इतका भयानक दुष्काळ असून माणसं भुकेने मोठ्या संख्येने मेली नाहीत. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. मग काम आणि मदत एकत्र का नको?

रानवाट

पहाटगाडी, उदाहरण उत्तम दिलंत, पण त्यात काय झालं ते बघा ना. सरकारने आधी काम उभं केलं आणि म्हणाले या, खोदा, मजुरी घ्या. जो कोणी येईल त्याला काम, निवडानिवड नाही. अमेरिकेतल्या अटीत काम तुम्हीच शोधायचं, नाही मिळालं तरी जेवण बंद. पहिल्यात मागणाऱ्याला काहीतरी हातात मिळतं, दुसऱ्यात त्याच्याकडून पुरावा मागतात. अट घालायचीच तर सरकारने आधी काम द्यावं, मग मीही तुमच्या बाजूने.

पहाटगाडी

हे मान्य. काम देण्याची जबाबदारी सरकारने घेतली नाही तर अट घालायचा हक्क पोचत नाही. पण काम समोर असताना नाकारलं तर मग मदत बंद, ह्यावर मी ठाम आहे.

हिशोबवही

मी बरीच वर्षं हिशेब तपासणीत काढली, त्यामुळे चोरीच्या मुद्द्यावर लिहितो. आधी एक गैरसमज. अमेरिकेतल्या स्नॅपमध्ये २०२४ च्या वर्षाचा चुकीच्या रकमेचा दर, म्हणजे मदतीतली किती रक्कम चुकीची दिली गेली तो, १०.९३ टक्के आला, तो आकडा घेऊन लोक म्हणतात बघा एवढा फ्रॉड. तसं नाही. त्यात जास्त दिलेले पैसे आहेत तसे कमी दिलेलेही आहेत, आणि बराचसा भाग कारकुनी चुका, पगार बदलला पण वेळेत कळवला नाही, घरभाडं चुकीचं लिहिलं असला. चोर वेगळा नि चुकलेला माणूस वेगळा, हे तपासनीसाला पहिल्या दिवशी शिकवतात.

पण म्हणून चोरी नाहीच असंही कोणी म्हणू नये. चोरी आहे, आणि ती मोठी असते तेव्हा ती रांगेतला माणूस करत नाही, रांगेच्या मागचा करतो. गोदामातून निघालेला माल दुकानात पोचत नाही, पोचला तर वजनात मारतात, रजिस्टरवर अंगठा आधीच उठलेला असतो. तिथे कडक व्हा, जितकं व्हायचं तितकं व्हा. छत्तीसगडने २००४ मध्ये रेशन दुकानं खाजगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, बचत गट, सहकारी संस्था ह्यांच्याकडे दिली, माल दुकानाच्या दारापर्यंत सरकारने पोचवायला सुरुवात केली, आणि पुढे कार्डं जास्तीत जास्त घरांना दिली. एकेकाळी गळतीसाठी बदनाम असलेली व्यवस्था काही वर्षांत बाकी राज्यांनी बघायला यावं अशी झाली. ह्यात घेणाऱ्यावर एक नवीन बंधन नव्हतं. गावातल्या बऱ्याच घरांचं धान्य त्याच दुकानातून येऊ लागलं की दुकानदारावर लक्ष ठेवायला गाव असतं. दहाच घरं घेत असतील, तीही दबलेली, तर कोण बोलणार?

कागदकाम

मी सुट्टीच्या दिवशी लोकांचे फॉर्म भरून द्यायला बसते, हे काम करत सहा-सात वर्षं झाली. ताई, तुमच्या दिरांना एवढंच सांगा की तपासणी वाढवली की बोगस नावं आधी गळतात असं नसतं. बोगसवाल्याकडे कागद पूर्ण असतात, कारण त्याने ते बनवूनच घेतलेले असतात. गळतो तो ज्याच्या दोन कागदांवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, ज्याने घर बदललंय, जी विधवा झाल्यावर माहेरच्या नावाने राहते.

माझ्याकडे एक आजी यायच्या, आयुष्यभर धुणीभांडी केलेली, बोटांच्या रेषाच उरल्या नव्हत्या. मशीनला ठसा कळायचा नाही. त्या दर वेळी हात पुसायच्या, परत ठेवायच्या, परत पुसायच्या आणि मागच्यांना सॉरी म्हणायच्या. तीन महिने रिकाम्या हाताने परत गेल्या. दुसरा मार्ग नियमात होता, पण काउंटरवरच्या माणसाला तो माहीत नव्हता किंवा त्याला तेवढी उठाठेव नको होती. मी त्यांच्यासोबत जाऊन ते पान उघडून दाखवलं तेव्हा कुठे मिळालं. सोबत जायला कोणी नाही त्यांचं काय होतं ह्याचा विचार आला की झोप लागत नाही.

झारखंडमध्ये बोटाचा ठसा सक्तीचा केल्यावर त्याचा मोठा अभ्यास झाला. पहिल्या टप्प्यात गळती कमी झालीच नाही, उलट धान्य मिळवायचे हेलपाटे वाढले, आणि ज्यांचं आधार आधी जोडलेलं नव्हतं त्यांच्या पदरात पडणारं धान्य १० टक्क्यांनी घटलं.

हिशोबवही

कागदकाम, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. फक्त तोच अभ्यास पुढे असंही सांगतो की नंतर मशीनमधल्या नोंदींवरून दुकानदाराला किती माल द्यायचा हे ठरवायला लागले तेव्हा गळती खरंच बरीच कमी झाली. म्हणजे मशीन टाकाऊ नाही.

कागदकाम

हो, आणि त्याच टप्प्यात लोकांना मिळणारं धान्यही घटलं, तेही त्यातच लिहिलंय. दुकानदाराने आधी जो माल लाटला होता तो शिल्लक आहे असं धरून नवीन माल कमी पाठवला, मग त्याने लोकांना कमी दिलं. सरकारचे पैसे वाचले पण त्यातला काही भाग गरिबाच्या ताटातून वाचला. मशीन ठेवा ना, माझी ना नाही, पण मशीन नाही म्हणालं म्हणून माणूस उपाशी परत जाता कामा नये, एवढं एक वाक्य नियमात आधी हवं आणि ते काउंटरवर भिंतीला लावलेलं हवं.

आणि एक सांगायचं राहिलं. इंडोनेशियात स्वस्त तांदळाची योजना होती, लोकांना ठरल्यापेक्षा कमी माल नि जास्त भावात मिळायचा. २०१२ मध्ये ५७२ गावांत एक प्रयोग झाला, त्यातल्या काही गावांत हक्कदार घरांना फक्त एक कार्ड पाठवलं, तुम्ही ह्या योजनेत आहात असं सांगणारं, काही कार्डांवर किती माल आणि काय भाव तेही छापलं. बस. अशा घरांना मिळणारी सवलत २६ टक्क्यांनी वाढली. ना पोलीस, ना छापा. आपल्याला काय मिळायला हवं हे माणसाला नक्की माहीत असलं की तो भांडतो, आणि समोरच्यालाही कळतं की ह्याला माहितीये.

दुपारचीशाळा

कोल्ड्रिंकवाल्या मुद्द्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आहार हा माझा रोजचा विषय आहे त्यामुळे साखरेच्या पाण्याची बाजू मी घेणार नाही, ते कोणीच प्यायला नको, गरीब असो की श्रीमंत. न्यूयॉर्क शहराने २०१० मध्ये मदतीच्या कार्डावर गोड पेयं बंद करायची परवानगी मागितली होती, ही योजना चालवणाऱ्या केंद्राच्या कृषी खात्याने २०११ मध्ये नाही म्हटलं. मग मे २०२५ मध्ये नेब्रास्का राज्याला पहिली परवानगी मिळाली आणि त्यामागे बरीच राज्यं लागली.

पण कार्डवाले काय खातात ह्याबद्दल मनात जे चित्र असतं ते तपासलं पाहिजे. कृषी खात्याने २०१६ मध्ये एका मोठ्या किराणा साखळीच्या बिलांचा अभ्यास काढला. मदत घेणाऱ्या घरांच्या किराणा खर्चात सॉफ्ट ड्रिंकचा वाटा ५ टक्क्यांच्या जरा वर, आणि न घेणाऱ्यांच्या ४ टक्के. फरक आहे, पण दोघांची टोपली बऱ्याच अंशी सारखीच. मग बंदी एकाच टोपलीवर का?

ह्याउलट मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅम्पडेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) २०११-१२ ला केलेला प्रयोग मला फार आवडतो. ठरलेल्या फळंभाज्यांवर एक डॉलर खर्च केला की कार्डावर ३० सेंट परत. बंदी नाही, भाषण नाही. त्या लोकांचं फळंभाज्या खाणं बाकीच्यांपेक्षा २६ टक्के जास्त निघालं. फळं महाग असतात आणि नासतात, मुलाने तोंड वाकडं केलं तर पैसे गेले, हा हिशेब गरीब आई रोज करते. तो हिशेब सोपा करून दिला की ती आपोआप घेते. हे ज्याला कळलं त्याने योजना आखावी.

अजून एक, काउंटरवर मशीन लाल होतं आणि मागच्या रांगेसमोर वस्तू परत ठेवावी लागते, ते किती लागतं ते ताईंच्या आईंना विचारा.

सांजवारा

सगळं देऊन टाका रोख पैशात, कटकट नको, असं मी आधी म्हणायचो. बराच काळ म्हणायचो. इक्वाडोरच्या उत्तर भागात २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने काही घरांना धान्य, काहींना व्हाउचर, काहींना रोख दिलं, किंमत सारखीच. तिन्हीत खाणं सुधारलं. धान्यात कॅलरी जास्त वाढल्या, व्हाउचरमध्ये ताटातली विविधता जास्त वाढली, आणि धान्य पोचवायचा खर्च सगळ्यात जास्त आला. म्हणजे एकच उत्तर सगळीकडे लागू होत नाही, जवळ बाजार आहे का, त्यात माल आहे का ह्यावर आहे.

पण माझं मत बदललं ते श्रीलंकेमुळे. १९७९ मध्ये त्यांनी धान्य बंद करून फूड स्टॅम्प आणले, रक्कम रुपयात ठरवून टाकली. भाव चढत गेले, रक्कम तिथेच. दोन-तीन वर्षांत त्या स्टॅम्पची खरी किंमत निम्म्यावर आली. कोणी संसदेत उभं राहून म्हटलं नाही की आम्ही गरिबाचं जेवण निम्मं करतोय, ते आपोआप झालं. पाच किलो धान्य म्हणजे भाव कितीही वाढला तरी पाच किलोच राहतं. म्हणून रोख द्यायचे असतील तर भावाबरोबर रक्कम वाढेल हे कायद्यातच लिहा, नाहीतर धान्यच बरं.

आणि उलट टोकही आहे, तेही प्रामाणिकपणे लिहितो. इजिप्तने सवलतीच्या भाकरीचा भाव तीस वर्षांहून जास्त काळ ५ पियास्टरला (पियास्टर म्हणजे तिथले पैसे) धरून ठेवला, कारण १९७७ मध्ये सवलती कापल्यावर दंगे झाले, लोक मेले आणि दोन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. शेवटी जून २०२४ मध्ये एकदम २० पियास्टर केला. इतकी वर्षं कोणी हात लावला नाही आणि मग एका दिवसात चौपट. थोडं थोडं दर वर्षी बदललं असतं तर गरिबाला झेपलं असतं. सुधारणा टाळत राहिलं की शेवटी कापाकापीच करावी लागते.

कोरीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं दिरांना मोबाइलवर वाचून दाखवलं. व्हर्जिनियाचं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले मला वाटलं होतं निदान थोड्या लोकांना तरी काम लागलं असेल. दुकानदारावर लक्ष ठेवायला पाहिजे हे त्यांना लगेच पटलं. गोड पेयांवर बंदी हवीच ह्यावर ते अजून ठाम आहेत आणि मीही त्यांच्याशी अर्धी सहमत आहे, पण बंदी घालायची तर सगळ्यांनाच घाला किंवा टॅक्स लावा असं मी म्हटलं. आणि हो, मी त्यांना आमच्या घरातलं ते वर्षही सांगितलं. पहिल्यांदाच. आईची परवानगी घेऊन.

दुपारचीशाळा

कोरीपाटी, हे वाचून डोळे भरून आले. तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. अमेरिकेत फूड स्टॅम्प सगळीकडे एकदम आले नाहीत, १९६१ ते १९७५ ह्या काळात एकेक काउंटी करत पोचले. त्यामुळे एकाच वयाची मुलं, काहींच्या घरी ही मदत होती, काहींच्या नव्हती. ती मुलं मोठी झाल्यावर अभ्यासकांनी बघितलं तर ज्यांना लहानपणी मदत पोचली होती त्यांच्यात लठ्ठपणा, ब्लडप्रेशर, डायबेटिस हा सगळा आजारांचा गट कमी होता. म्हणजे पाच वर्षांच्या पोराच्या ताटातलं जेवण पुढे तिशी-चाळिशीत शरीरात दिसतं. टॅक्सच्या पैशाचा हिशेब करताना हे कोणीच धरत नाही कारण फायदा यायला तीस वर्षं लागतात, तोपर्यंत चार-पाच सरकारं बदललेली असतात.

पहाटगाडी

हे मला माहीत नव्हतं. मुलांच्या बाबतीत माझी कुठलीच अट नाही, आधीही नव्हती.

कोरीपाटी

कागदकाम, एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं नाव यादीतून गेलंय, कारण काय ते कोणी सांगत नाही, नुसतं पुढच्या महिन्यात या म्हणतात. काय करायचं?

कागदकाम

पहिलं काम, तोंडी काही ऐकून परत यायचं नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा, माझं नाव कधी आणि कोणत्या कारणाने काढलं ते लेखी द्या, दोन प्रती, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच घेतली की निम्मी कामं तिथेच हलतात. भारतातल्या २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग दिलेला आहे, तिथे ही पोच जोडून तक्रार करता येते, आणि हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता मागायची तरतूदही त्याच कायद्यात आहे. अमेरिकेतले कोणी वाचत असतील तर त्यांना निर्णयापासून ९० दिवसांच्या आत सुनावणी मागता येते. ताईंना एकटं पाठवू नका, तुम्ही सोबत जा. तुम्हाला बोलायचीसुद्धा गरज पडणार नाही, बाजूला नुसत्या उभ्या राहा. आणि जाताना जुनं कार्ड, घरातल्या सगळ्यांचे आधार आणि विजेचं बिल पिशवीत ठेवा, झेरॉक्स दोन-दोन काढून.